ड्रॅक्युला परत वाचला, भाव खाऊन गेली मीना

मे महिन्यात नागपुरात दुपारी कुठे जाणार, कूलरसमोर पडून ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला ही कादंबरी परत वाचून काढली. कॉलेजात असताना सीताबर्डीला फूटपाथवरून घेतलेली कॉपी, कागद पिवळाधम्मक. कथाही ३ मेलाच सुरू होते. जोनाथन हार्कर हा इंग्लंडचा तरुण वकील ट्रान्सिल्व्हेनियाला काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर निघालाय, वाटेत लाल तिखटातली कोंबडी खातो, रात्रभर घसा कोरडा, पाणी पिऊन पिऊन थकतो आणि तरी डायरीत लिहितो की होणाऱ्या बायकोसाठी, म्हणजे मीनासाठी, रेसिपी घ्यायची आहे. बाप्पा! पहिल्यांदा सावजी खाल्लेला पुण्याचा पाहुणाच की हा.

किल्ल्याची पहिली चार प्रकरणं आजही भारी आहेत, आरशात काउंट (रक्त पिणारं पिशाच्च!) दिसत नाही तो सीन तर मी रात्री वाचलाच नाही. पण त्यानंतर काउंट फारसा समोर येतच नाही, पुढे नुसत्या डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरची कात्रणं. मधे काउंट मीनाच्या मैत्रिणीचं, लूसीचं रक्त पितो म्हणून तिला चार जणांचं रक्त चढवतात, ग्रुप वगैरे कोण बघतो, पुस्तक १८९७ चं आणि रक्तगट कळले १९०१ च्या सुमारास, म्हणजे तिला नेमकं कोणी मारलं याची मला शंकाच आहे.

आणि मीना! शॉर्टहँड येतं, डॉक्टरची फोनोग्राफवरची डायरी ऐकून टाइप करते, सगळे कागद तारखेनं लावते, रेल्वेचं टाइमटेबल तोंडपाठ. काउंटच्या मागावरचा प्रोफेसर व्हॅन हेलसिंग म्हणतो, हिला पुरुषाचा मेंदू आहे (वा, काय पण कौतुक!), आणि त्याच दमात ठरवतो की आता बाईमाणसानं यात पडायचं नाही. मग सगळे पुरुष कंदील घेऊन रात्रीचे काउंटला शोधायला बाहेर, हिला सांगितलं झोप, आणि तो काउंट नेमका हिच्याच खोलीत. काहून असं करता रे? इतका संताप झाला की पुस्तक आपटलं.

पुढे काउंट सगळे कागद जाळतो तेव्हा तिजोरीत एक कॉपी असते म्हणून निभावतं, टायपिंग अर्थातच मीनाचं. काउंट कोणत्या नदीनं पळतोय हेही नकाशे घेऊन तीच शोधते. शेवटी तो मरतो कुकरी आणि बोवी नाइफनं (मोठा शिकारी सुरा), पिशाच्चाच्या छातीत ठोकतात ती लाकडी खुंटी नाहीच. तेव्हा मीनाच्याही हाताशी रिव्हॉल्व्हर तयार आहे, पण स्टोकरनं तिला एक गोळी झाडू दिली नाही.