वाफसा

आई-आबा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आले, तेव्हा मला काळजी होती ती आबांची. आई नातवंडांत आणि स्वयंपाकघरात रमते. आबांचं काय करायचं? बहात्तर वर्षांचा माणूस, सगळा जन्म करवीर तालुक्यात उसात गेलेला, इंग्रजीचा गंध नाही. आणि आम्ही राहतो अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँटमधल्या एका खेड्यात. इथून अर्ध्या तासावरचं माँटपेलियर ही राज्याची राजधानी, तिची वस्तीच जेमतेम आठ हजार. अमेरिकेतली सगळ्यात लहान राजधानी. मग आमचं खेडं केवढं असेल ते तुम्हीच समजा.

बॉस्टनच्या विमानतळावरून घरी येताना आबा तीन तास खिडकीबाहेर बघत होते. व्हरमाँटची हद्द लागून बराच वेळ झाल्यावर म्हणाले, "हितं रस्त्याला फलक न्हाईत गं कुठं जाहिरातींचं." १९६८ साली या राज्यानं कायदा करून रस्त्याकडेचे जाहिरातफलक बंद केले. मला ही गोष्ट इथं आल्यावर वर्षभरानं कुणीतरी सांगितली होती. आबांनी ती पहिल्याच प्रवासात हेरली, तेव्हाच माझी निम्मी काळजी मिटायला हवी होती.

तिकडच्या लोकांना वाटतं, बर्फ वितळला की लगेच फुलं. इथं मध्ये आणखी एक ऋतू असतो, चिखलाचा. थंडीत जमीन खोलवर गोठते. मार्च-एप्रिलमध्ये ती वरून वितळायला लागते, पण खालचा थर अजून दगडासारखा, त्यामुळे पाणी मुरायला वाटच नसते. या राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत आणि आमच्या घराचा रस्ता त्यांतलाच. आई-आबा आले त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, मुलांना शाळेतून आणताना माझी गाडी आसापर्यंत रुतली. शेजारचे आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले, त्यांनी साखळी बांधून गाडी ओढली आणि मला हातवारे करून समजावलं की चाक जुन्या खाचेत घालू नको, मधल्या उंचवट्यावरून ने, आणि जमलं तर पहाटे निघ, तेव्हा रस्ता परत गोठलेला असतो. मी भाषांतर करायच्या आधीच आबा म्हणाले, "चाकोरी सोड म्हंत्यात ते. आमी काय पावसाळ्यात गाड्या हाकल्या न्हाईत व्हय?"

त्या दिवसापासून त्या दोघांची गट्टी जमली. भाषा एकालाही दुसऱ्याची येत नव्हती.

शेजाऱ्यांचं शुगरहाऊस आहे, म्हणजे मेपलच्या झाडांचा रस आटवायची लाकडी शेड. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर असं हवामान खेळायला लागलं की शुगर मेपलच्या खोडातून रस वाहायला लागतो. असे दिवस वर्षात चार ते सहा आठवडेच मिळतात. युरोपातले लोक यायच्या कितीतरी आधीपासून इथले आबेनाकी लोक ही साखर करत आले आहेत. झाडाला छोटं भोक पाडून त्यात तोटी बसवतात. पूर्वी खाली बादल्या टांगत, आता बहुतेक ठिकाणी झाडाझाडांतून निळ्या नळ्यांचं जाळं असतं. तोटी लावण्याजोगं खोड व्हायला साधारण ४० वर्षं लागतात. आबांनी बोटावर रसाचा थेंब घेऊन चाखला आणि माझ्याकडे बघितलं. "पाणीच हाय की गं ह्ये!"

खरंच जवळजवळ पाणीच. त्यात शंभरात दोनच भाग साखर. आपल्या उसाच्या रसात अठरा-वीस भाग असते. म्हणून इथं एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. हा आकडा सांगितल्यावर आबा गप्प झाले आणि लाकडांच्या ढिगाकडे बघत राहिले. जळण किती लागेल याचा हिशेब चालला असावा. आमच्या गुऱ्हाळात चिपाडं जाळायची, म्हणजे उसाचं जळण उसातूनच निघायचं. इथं प्रत्येक ओंडका जंगलातून आणून, फोडून, वर्षभर वाळवलेला.

आम्ही आत गेलो. छताला वाफ जायला झरोका ठेवलेला, तरी समोरचं माणूस दिसेना इतकी वाफ, आणि तिला गोड, किंचित धुरकट वास. आबा दारातच थांबले. आमचं गुऱ्हाळ बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. त्यांना पुन्हा त्या वासात उभं बघून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. आमच्याकडची गोल काहील जमिनीत बांधलेल्या चुलवाणावर असायची. इथं स्टीलची लांब, कप्प्याकप्प्यांची कढई. एका टोकाला रस शिरतो आणि कप्प्यांमधून फिरत फिरत दुसऱ्या टोकाला सिरप होऊन निघतो. मध्येच रस फसफसून कडेपर्यंत आला. शेजाऱ्यांनी डबीतून सायीचा एक थेंब काढून त्यात टाकला आणि फेस बसला. आबांनी माझा दंड धरला. "बघितलंस? आपला गुळव्या तेल सोडायचा तसंच!"

सिरप तयार झालं हे तापमापकावर कळतं, उकळत्या पाण्यापेक्षा सुमारे चार अंश वर. पण शेजारी तापमापकाकडे न बघता पसरट पळी बुडवून वर धरतात. सुरुवातीला थेंब सुटे पडतात. मग दोन थेंब कडेला एकमेकांत मिसळून पदरासारखे लोंबतात. तो क्षण आला की तोटी उघडायची. चौथ्या वेळी आबांनी त्यांच्या आधी हात वर केला. शेजाऱ्यांनी पळी उचलून बघितली आणि मान डोलावली. तिथून पुढे पंधरा दिवस आबा रोज संध्याकाळी तिथं एका उलट्या बादलीवर बसलेले असायचे. सिरपच्या चार प्रती असतात, सोनेरीपासून अगदी काळपटपर्यंत. पाहुण्यांना सोनेरी आवडतं. आबांना हंगामाच्या शेवटचं काळं आवडलं. "ही खरी काकवी," म्हणाले. आईनं त्या काकवीशी घावन केले आणि शेजाऱ्यांकडे डबा पाठवला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फूटभर बर्फ पडला, दोन दिवस वीज नव्हती. आणि ८ तारखेला खग्रास सूर्यग्रहण. २०२४ चं ते ग्रहण तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. व्हरमाँटमध्ये खग्रास सूर्यग्रहण याआधी १९३२ मध्ये दिसलं होतं, पुढचं २१०६ मध्ये. आमच्या गावापेक्षा बर्लिंग्टनला काळोख जास्त वेळ टिकणार होता, म्हणून सकाळीच निघून शँप्लेन सरोवराच्या काठी जागा धरली. आईचा हिशेब पक्का होता: भारतात तेव्हा रात्र, म्हणून तिकडे पाळायचं नाही, पण मी आहे तिथं दिसणार, तर मी पाळणार. सकाळी खाल्लं ते खाल्लं, मग पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी आग्रह केला नाही. आबांनी मात्र १९८० च्या फेब्रुवारीतली गोष्ट काढली. कारवारकडून खग्रास गेलं होतं, आणि गावातली सगळी दारं-खिडक्या बंद. "मी अठ्ठावीस वर्साचा, घरात कोंडून बसलो. फटीतनं उजेड कमी झालेला तेवढा दिसला. आज बघणार."

तीन वाजून सव्वीस मिनिटांनी पलीकडच्या डोंगरांवरून सावली पाण्यावर आली. गार वारं सुटलं, कडेचे दिवे लागले. चष्मे काढले. काळी तबकडी, भोवती पांढरी आभा, खालच्या कडेला एक गुलाबी ठिणगी, उजवीकडे खाली लखलखीत शुक्र. आबा उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. आई डोळे मिटून जप करत होती. शेवटी माझ्या लेकीनं तिचा पदर ओढला, तेव्हा तिनं डोळे उघडून वर बघितलं आणि दोन्ही हात जोडले. सव्वातीन मिनिटांत सगळं संपलं. तासाभराच्या परतीच्या रस्त्याला पाच तास लागले, पण गाडीत कुणीही कुरकुरलं नाही.

ती फाल्गुन अमावस्या होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाडवा. आंब्याची पानं इथं कुठून येणार? सीडरच्या डहाळ्यांचं तोरण केलं आणि ओसरीत, समोर बर्फाचा ढीग असताना, गुढी उभी राहिली.

शाळेच्या सुट्टीत चार दिवस न्यूयॉर्कला जाऊन आलो. आईला स्वातंत्र्यदेवी बघायची होती, बघितली. आबांनी तिथल्या गर्दीविषयी एक शब्द काढला नाही आणि घरी आल्यावर पहिल्यांदा परड्यात जाऊन आले.

त्यानंतरची एक रात्र सांगायलाच हवी. वसंतातला पहिला उबदार पाऊस रात्री पडला की जंगलातले बेडूक आणि त्यांच्याच कुळातले, पालीसारखे दिसणारे सॅलमँडर हजारोंनी बाहेर पडतात आणि वितळलेल्या बर्फाच्या डबक्यांकडे अंडी घालायला निघतात. ती डबकी उन्हाळ्यात आटतात, म्हणून त्यांत मासे नसतात आणि पिल्लं वाचतात. वाटेत रस्ता आडवा येतो. म्हणून गावातली माणसं विजेऱ्या घेऊन त्यांना रस्ता ओलांडून देतात. हात ओले हवेत, आणि तोंड ज्या दिशेला असेल त्याच दिशेला सोडायचं. रात्री नऊ वाजता, भर पावसात, आबांच्या तळहातावर एक सॅलमँडर होता: वीतभर लांब, काळा कुळकुळीत, पाठीवर हळदीची बोटं उठवावीत तसे पिवळे ठिपके. तो पळाला नाही. गार पायांनी सावकाश आबांच्या मनगटाकडे चालत राहिला. "मृगाच्या पयल्या पावसात आपल्याकडं बेडकं निघत्यात, लाल किडं निघत्यात," आबा माझ्या लेकीला सांगत होते, "हितला मिरग आज हाय म्हणायचा." त्या रात्री आम्ही एकेचाळीस जीव पलीकडे नेले. लेकीनं वहीत काड्या मारून मोजले.

डोंगरावरच्या वाटा मेअखेरपर्यंत चालू नका असं सांगतात, ओल्या मातीची धूप होते म्हणून. त्यामुळे फिरणं सगळं कच्च्या रस्त्यांवरून. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, १९७० पासूनच्या प्रथेप्रमाणे, सगळं राज्य हिरव्या पिशव्या घेऊन रस्त्याकडेचा कचरा उचलतं. आम्ही सहाही जण गेलो. परतताना आईला ओढ्याकाठी रानलसूण सापडली. इथं तिला रॅम्प म्हणतात. ती फार सावकाश वाढते, म्हणून कांदा उपटायचा नाही, रोपाचं एकच पान घ्यायचं. तेवढ्या पानांत आईनं पिठलं केलं.

आणि या सगळ्या दिवसांत रोज सकाळी, चहाच्या आधी, आबा परड्यात जाऊन मूठभर माती उचलायचे. मुठीत आवळायचे आणि हात उघडून बघायचे. गोळा तसाच राहिला, बोटांचे ठसे उमटलेले, तर माती टाकून, हात झटकून आत यायचे. "न्हाई अजून." मार्चमध्ये तर कुदळसुद्धा टणकन वाजून परत यायची. एप्रिलमध्ये नुसता गारा. मी म्हटलं, रोपवाटिकेतून पोत्यातली माती आणू, लाकडी चौकटीत पेरू. आबांनी मान हलवली.

मे महिन्याच्या मध्याला, त्यांच्या परतीला बारा दिवस राहिलेले असताना, त्यांनी मूठ उघडली आणि अंगठ्यानं गोळ्याला हलकेच टिचकी दिली. माती भुरभुरून हातभर पसरली. आबांनी कुंपणापलीकडे हाक मारली. शेजारी आले, वाकले, त्यांनीही मूठभर माती घेऊन आवळली आणि सोडली. दोघंही हसले.

"पोरी, वाफसा आला," आबा म्हणाले. "मेथीचं बी काढ."