पुस्तकाप्रमाणं लिहू, का शेडप्रमाणं?

फेब्रुवारी लागला की आमच्या तासगाव भागात हजेरीपटावर खाडे वाढायला लागतात. बेदाण्यासाठी बागेतून द्राक्षं उतरतात, लवकर सुकावीत म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून बुडवून निघतात आणि शेडमधल्या रॅकवर पसरली जातात. घरातली सगळी माणसं तिकडं असतात, मग आठवीतलं पोर तरी मागं कसं राहील? सकाळी शेडवर हात लावून दुसऱ्या तासाला वर्गात येणारी मुलं मी लगेच ओळखते. बोटांना तेलकट चिकटा असतो आणि वहीच्या कोपऱ्यावर त्याचे डाग पडतात. २२ वर्षं मी गणित शिकवते आहे. त्यातली वीस वर्षं तरी या डागांवर मी चिडत आले.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका सोमवारी शाळेची तपासणी होती. माझा पाठ आठवी अ वर ठेवला होता. 'सूट व कमिशन' नुकतं संपलं होतं, म्हणून शेकडेवारीचं एक गणित मी मुद्दाम आमच्या भागातलं निवडलं. द्राक्षात ८० टक्के पाणी आहे असं धरा. बेदाण्यात १५ टक्के पाणी राहतं असं धरा. तर १०० किलो द्राक्षांचा किती किलो बेदाणा होईल?

पाठाचं टाचण दोन रात्री जागून काढलं होतं. फळ्यावर रंगीत खडूनं द्राक्षाचा घड, त्याच्या शेजारी दोन पट्ट्या, निळी पाण्याची आणि पिवळी गराची, म्हणजे पाणी सोडून जे उरतं त्याची. १०० किलोत पाणी ८०, गर २०. सुकताना निळी पट्टी आखडते, पिवळी आहे तेवढीच राहते. बेदाण्यात पाणी १५ टक्के, म्हणजे गर ८५ टक्के. तेव्हा २० किलो हे बेदाण्याच्या वजनाचे ८५ टक्के. २० भागिले ८५ गुणिले १००, उत्तर साधारण साडेतेवीस किलो. प्रत्येक पायरीला मी थांबून विचारत होते, "समजलं का?" आणि वर्ग एका सुरात म्हणत होता, "होऽऽ." पाठाच्या शेवटी पाच प्रश्न विचारले, पाचही उत्तरं बरोबर आली. मागं बसलेल्या साहेबांनी शेरा लिहिला : फलकलेखन उत्कृष्ट, वर्गनियंत्रण उत्तम, विद्यार्थी सहभाग चांगला. मुलांनाही पाठ मनापासून आवडला होता. मधल्या सुट्टीत दोघी-तिघी येऊन म्हणाल्या, "मॅडम, आज एकदम डोक्यात बसलं." तो दिवस मी फार आनंदात घालवला.

मंगळवारी सकाळी उठले तर आवाज गायब. गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध सगळं करून झालं. घशातून नुसती हवा येत होती. रजा टाकता येण्यासारखी परिस्थिती नव्हती. आठवी ब वर गेले आणि फळ्यावर तेच गणित लिहिलं. चित्र काढायचंही त्राण नव्हतं. खाली लिहिलं, 'सोडवा', आणि खुर्चीत बसले.

पाचेक मिनिटं वर्ग शांत होता. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन आला. तो शेडवरून येणाऱ्यांपैकी, महिन्यातून आठ दिवस गैरहजर. त्यानं लिहिलं होतं : ८० वजा १५, बरोबर ६५. पाणी ६५ किलो गेलं. राहिले ३५ किलो. नेहमीची चूक. मी पेन उचललं, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, गणितानं ३५ किलो येतंय. पण आमच्यात चाराला एक बसतंय. १०० किलोचा २५ किलोच बेदाणा होतोय. मग पुस्तकाप्रमाणं लिहू, का शेडप्रमाणं?"

माझा आवाज असता तर काय झालं असतं, हे मला नीट माहीत आहे. मी म्हटलं असतं, "अरे, गर किती ते आधी काढ," आणि अर्ध्या मिनिटात त्याचं गणित मीच सोडवून दिलं असतं. तो "हां हां" करत जागेवर गेला असता, आणि त्याचा तो प्रश्न तिथंच मेला असता. पण बोलता येत नव्हतं. मी त्याच्या हातात खडू दिला आणि फळ्याकडं बोट केलं.

त्यानं फळ्यावर एका बाजूला ३५ लिहिलं, दुसऱ्या बाजूला २५, आणि वर्गाला विचारलं, "कुठलं खरं?"

त्यानंतर जे झालं त्याला त्या तपासणीच्या भाषेत गोंधळ म्हणतात. निम्मा वर्ग म्हणाला ३५, कारण वजाबाकी चुकलेली नाही. शेडवाली पाच-सहा पोरं उठून उभी राहिली. "३५ कसं? तसं असतं तर आमचे पप्पा बंगला बांधून बसले असते." एक जण म्हणाला, दहा किलो चोरीला जातात. दुसरा म्हणाला, सौद्याला नेताना खराब माल काढून टाकतात. तिसरा म्हणाला, वजनकाटाच खोटा असेल. मला ते ऐकताना जाणवत होतं की ही पोरं गणित वाचवायला धडपडत आहेत. वजाबाकीवर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, शेडवर घ्यायची तयारी होती. पण घरचा अनुभव इतका पक्का होता की तो हलेना.

खिडकीजवळ एक मुलगी बसते. तिला मी वर्षभरात चारदा बोलताना ऐकलं असेल. ती जागेवरूनच म्हणाली, "आरं, १५ टक्के कशाचे? द्राक्षाचे का बेदाण्याचे?"

वर्ग गप्प झाला. माझ्या अंगावर काटा आला, कारण सगळं गणित त्या एका प्रश्नात होतं. ८० टक्के आहेत ते १०० किलोंचे. १५ टक्के आहेत ते कितीचे, ते तर अजून काढायचंय. मग एकातून एक वजा कसं करायचं? तिला हे सगळं मांडता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पाणी उडतंय. गर कुठं उडतोय? २० किलो तेवढाच राहतोय की." मग दुसऱ्या बाकावरून कुणीतरी, "म्हणजे २० हे ८५ झाले?" त्यावर पुन्हा भांडण, २० हे ८५ कसे होतील म्हणून. कुणी अंदाजानं २३ धरून बघत होतं, कुणी २४. दाराशी कोणी तरी येऊन उभं राहिलं, माझ्याकडं बघितलं, वर्गाकडं बघितलं आणि गेलं. संध्याकाळी मला सांगण्यात आलं की घसा बसला असेल तर मुलांना वाचन द्यावं, आवाज मैदानापर्यंत येत होता.

घंटा झाली तेव्हा फळ्यावर पक्कं उत्तर नव्हतं. मुलं वैतागली होती. "मॅडम, उत्तर तरी लिहून द्या." मी फळ्यावर लिहिलं, 'उद्या'. बाहेर पडताना एक जण दुसऱ्याला म्हणाला ते माझ्या कानावर आलं : "अ वाल्यांना मॅडमनी भारी शिकवलं म्हणं. आपल्याला शिकवलंच नाही."

ते मला लागलं. बुधवारी फुटक्या आवाजात मी आठवी ब ला तेच गणित समजावलं. सात-आठ मिनिटं पुरली. पिवळी-निळी पट्टी काढायला लागले तशी पोरं माझ्या आधी पुढची पायरी बोलत होती. त्या मुलाच्या तोंडून "हात् तिच्या" निघालं.

साधारण तीन आठवड्यांनी घटक चाचणी झाली. मी एक प्रश्न हळदीवर घातला. ओल्या हळदीत ७५ टक्के पाणी धरा, वाळल्यावर १० टक्के. १०० किलोची किती राहील? संध्याकाळी स्टाफरूममध्ये पेपर तपासायला बसले. आधी अ चे. ७५ वजा १०, बरोबर ६५, राहिली ३५ किलो. दुसरा पेपर, ३५. तिसरा, चौथा, ३५. "एकदम डोक्यात बसलं" म्हणणाऱ्या मुलींचेही पेपर त्यात होते. निम्म्याहून जास्त पेपरात तेच ३५. मग ब चा गठ्ठा घेतला. तिथं निम्म्याहून जास्त मुलांनी पहिली ओळ लिहिली होती : गर २५ किलो. पुढचा भागाकार काहींचा चुकला होता, पण गर कुणी हरवला नव्हता.

हे काही मोजूनमापून केलेलं संशोधन नव्हे. ब मध्ये शेडवरची मुलं जास्त आहेत, त्यांना ओलं-सुकं घरचंच. शिवाय ब ला ते गणित दोन दिवस मिळालं, अ ला एकच. हे सगळं धरूनही माझी झोप उडाली. कारण ज्या खुणांवरून मी वीस वर्षं स्वतःचा पाठ चांगला की वाईट ठरवत होते, त्या सगळ्या खुणा अ मध्ये होत्या. शांतता, सुरातलं "हो", पाचपैकी पाच उत्तरं, खूश चेहरे. पाठ संपताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर ताजी असतात. ती उत्तरं मुलांची असतात की फळ्याची, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

नंतर मी वाचायला लागले. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांची गोष्ट वाचली. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडायची, अवघड गणितंही मुलं सोडवायची. मग त्यांनी बल आणि गतीबद्दलचे साधे, रोजच्या भाषेतले प्रश्न दिले, तर एका विद्यार्थिनीनं विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं? वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. आमच्या शेवटच्या बाकावरचा प्रश्न! माझूर यांनी १९९१ पासून वर्गात प्रश्न टाकून मुलांना आपापसांत वाद घालायला लावायची पद्धत सुरू केली. त्याच विद्यापीठात पुढं एक प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच विषयाचा तास काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यानातून मिळाला, काहींना स्वतः झगडून सोडवण्यातून. झगडणारे चाचणीत जास्त शिकलेले निघाले. पण आपण किती शिकलो असं वाटतं, हे विचारलं तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांनी जास्त शिकल्याचं सांगितलं. सुरळीत ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. अडखळलं की शिकवलंच नाही असं वाटतं. आठवी ब मधला एक जण दारातून जाताना हेच बोलला होता.

समजावून सांगणं वाया जातं, असं मला मुळीच वाटत नाही. बुधवारची ती सात-आठ मिनिटं नसती तर ब ची पोरंही अर्धवट राहिली असती. फरक एवढाच की बुधवारी त्यांना माझं उत्तर हवं होतं. सोमवारी अ ला मी ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तो प्रश्न त्यांना पडलेलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट मला जास्त छळते. शाळेत कर्मवीर भाऊराव पाटलांची तसबीर आहे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था उभी केली, 'कमवा आणि शिका' म्हणत कष्टकऱ्यांची पोरं शिकवली. दर जयंतीला आम्ही हार घालतो, भाषणं करतो. आणि शेडवर राबून आलेल्या पोराच्या नावापुढं फक्त खाडा मांडतो. शेडवर त्यानं काय पाहिलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझं गणित सोडवायला लागणारी माहिती वर्गात त्याच्याकडेच होती.

चाचणीचे पेपर वाटले त्या दिवशी शेवटच्या बाकावरचा तो मुलगा एक कागद घेऊन आला. त्या मंगळवारीच घरी जाऊन त्यानं २० किलोचा एक क्रेट वेगळा मोजून रॅकच्या एका कोपऱ्यात टाकला होता, खूण करून. सुकल्यावर बेदाणा वजन केला. माझ्या गणितानं ४ किलो ७०० ग्रॅम यायला हवा होता. भरला ५ किलो ३०० ग्रॅम.

"मॅडम, तुमचं ८० चुकलंय," तो म्हणाला.

वर्गात हशा पिकला. मी आता बोलू शकत होते, तरी खडू त्याच्याकडंच दिला. ५.३ किलोत गर ८५ टक्के, म्हणजे साडेचार किलो. २० किलोत साडेचार, म्हणजे शेकडा साडेबावीस. "पप्पांनी मीटर लावला तवा साखर बावीस-तेवीस दावत होती," तो फळ्याकडं तोंड करूनच म्हणाला. गर म्हणजे बहुतेक साखरच, तेव्हा आकडा जुळत होता. पाणी ८० टक्के नव्हतंच, साडेसत्त्याहत्तरच्या आसपास होतं. ८० हा आकडा मी कुठून आणला होता? एका जुन्या प्रश्नपत्रिकेतून, न तपासता.

वर्ग टाळ्या वाजवायच्या बेतात होता, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"आणि काड्या? क्रेट मोजला तवा घडाला काड्या होत्या. बेदाणा मोजताना काढल्या. त्यांचं वजन कुठं धरलं?"

तो मुलगा खडू धरून तसाच उभा राहिला. मग माझ्याकडं वळला. मी खांदे उडवले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.