नादिया ती धाडसे स्वतःच करत असे का?

जुन्या बोलपटांविषयी मी कुठेही बोललो, की शेवटी हा प्रश्न येतोच: ‘हंटरवाली नादिया ती सगळी धाडसे खरोखर स्वतः करत असे का, की मागे कोणी डमी असे?’ आता तुम्हीही विचारलेत म्हणून एकदा नीट लिहितो. उत्तर ‘स्वतःच’ असे आहे; पण एवढे ऐकून लोक ‘काय धीट बाई!’ म्हणतात आणि विषय संपवतात, हे मला पटत नाही, कारण तिच्या धिटाईपेक्षा तिचा सराव मला मोठा वाटतो.

या नटीचे खरे नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. तिचा जन्म 8 जानेवारी 1908 रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात होते, त्यामुळे पाचव्या वर्षीच ती मुंबईस आली. पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले आणि पुढे काही वर्षे तिचा मुक्काम पेशावरकडे झाला, तिथे ती घोड्यावर बसायला शिकली. मुंबईत परतल्यावर दुकानात विक्रेती म्हणून नोकरी, मग मादाम अ‍ॅस्ट्रोव्हा यांच्याकडे बॅले, त्यांच्या मंडळीबरोबर गावोगाव नाच आणि मध्यंतरी काही काळ झार्को सर्कस, असा तिचा प्रवास झाला. वाडिया मूव्हीटोन या मुंबईच्या चित्रपटसंस्थेच्या दारात ती उभी राहिली तेव्हा तिच्यापाशी अभिनयाचा अनुभव जवळजवळ नव्हता आणि हिंदीही यथातथाच होती. मात्र कोलांट्या मारणारे, तोल सांभाळणारे आणि पडले तरी नीट पडणारे शरीर तिने आधीच कमावले होते. (नादिया हे नावसुद्धा तिने नाचाच्या दिवसांतच एका आर्मेनियन ज्योतिषिणीच्या सांगण्यावरून घेतले होते. संस्थेचे मालक जे. बी. एच. वाडिया यांनी ‘नंदादेवी’ हे नाव आणि काळ्या केसांचा टोप सुचवला, तेव्हा तिने दोन्ही नाकारले.)

जे. बी. एच. आणि त्यांचे धाकटे बंधू होमी यांनी आधी तिला छोट्या भूमिका देऊन पारखले आणि मग 1935 साली ‘हंटरवाली’ काढला. तुरुंगात पडलेल्या राजाची मुलगी मुखवटा चढवून, चाबूक घेऊन दुष्ट प्रधानाशी लढते, एवढीच त्याची गोष्ट. तोकड्या विजारीतली गोरी बाई पुरुषांना बडवते, हे पाहून वितरक बिचकले आणि चित्रपट विकत घ्यायला कोणी पुढे येईना. अखेर वाडियांनाच तो लावावा लागला, आणि मग तो पंचवीस आठवडे चालला. घोड्यावरून हात उंचावून ती जी ‘हे-ए-ए’ अशी आरोळी देत असे, ती आपल्या बालपणीच्या आठवणींत सर्वांत ठळक राहिल्याचे गिरीश कार्नाडांनी लिहिले आहे.

डमी नव्हता याचा पुरावा मात्र आठवणींत शोधू नये. तो पडद्यावरच आहे. 1936 सालच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी आहे. नादिया एका धडधाकट पुरुषाला उचलून खांद्यावर घेते, तेव्हा तिच्या पायांकडे पाहा: ती आधी पाय फाकवून गुडघे वाकवते, मगच वजन अंगावर घेते. सर्कशीत जो कधी ओझ्याखाली उभा राहिला असेल त्यालाच हे सुचेल. माझ्या मते परदेशी चेहऱ्याची आणि अडखळत हिंदी बोलणारी ही बाई पिटातल्या प्रेक्षकाने आपली मानली ती याच कारणाने: उच्चार चुकला तर चुको, पण समोर जे घडते आहे ते खरे आहे, हे त्याला दिसत होते.

ही गोष्ट खुद्द जे. बी. एच. यांना पुरेशी उमगली होती की नाही, याची मला शंका आहे. ते क्रांतिकारक विचारवंत एम. एन. रॉय यांचे अनुयायी. नादियाच्या तोंडी त्यांनी स्वातंत्र्याची आणि स्त्रियांच्या हक्कांची भाषणे घातली, 1940 सालच्या ‘डायमंड क्वीन’मध्ये ती ऐकू येतात, पण त्यांचा ओढा प्रतिष्ठेच्या चित्रपटांकडे वाढत गेला आणि 1942 च्या सुमारास दोघे भाऊ वेगळे झाले. परळचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे गेला. आपण ज्याला ‘राजकमल’ म्हणून ओळखतो, त्याच आवारात आधी नादियाच्या उड्या झालेल्या आहेत, हे मराठी मंडळींना सांगितले की ती चकित होतात. होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ काढली आणि नादिया त्यांच्याबरोबर राहिली. होमींच्या आईचा विरोध असल्याने होमी आणि नादिया यांचे लग्न 1961 पर्यंत लांबले.

लग्नानंतर तिचे काम जवळजवळ थांबले. तरी 1968 साली ‘खिलाडी’ या हेरपटासाठी ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर आली, तेव्हा ती साठ वर्षांची होती.