मिसेस हडसनचं पान अडकलं कुठे

खातं उघडलं, होम्सच्या कथा पुन्हा चाळल्या, मसुदा लिहिला. यात सांगण्यासारखं काही नाही. एका खुल्या ज्ञानकोशासाठी शेरलॉक होम्सच्या घरमालकिणीवर लेख लिहिला होता आणि तो परीक्षणाला गेला. तिथे जो रुतला, तो रुतलाच.

बऱ्याच प्रतीक्षेनंतर उत्तर आलं: ‘पात्राची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’, म्हणजे स्वतंत्र पान देण्याइतकं महत्त्व दिसत नाही. बस्. म्हणजे काय कमी आहे? पत्ता नाही. मी कथांमधले आणखी दाखले घातले. ‘द एम्प्टी हाउस’मध्ये (१९०३) मिसेस हडसन गुडघ्यांवर रांगत जाऊन दर पाव तासाने होम्सचा मेणाचा पुतळा हलवते. ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ (१९१३) तर तिच्यापासूनच सुरू होते. पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच वाक्य, काना-मात्राही न बदलता.

मग माझं डोकं फिरलं. आयरीन अ‍ॅडलर १८९१च्या एका कथेत येते आणि जाते, तिला ऐसपैस पान. आणि जिच्या घरात हा माणूस वर्षानुवर्षं राहिला तिला काहीच नाही? हे विचारलं तर उत्तर आलं, ‘दुसऱ्या लेखाचा दाखला चालत नाही.’ तुम्हीही कधी अडकलात तर हा मुद्दा काढूच नका, कोणी ऐकत नाही.

शेवटी मसुद्याच्या चर्चापानावर, जिथे संपादक आपसात बोलतात तिथे, सरळ विचारलं, की मसुद्यात नेमकं काय दिसायला हवं? एका जुन्या संपादकाने उत्तर दिलं. आधीच्या परीक्षकाला हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं, याचा राग अजून आहे. पात्र किती कथांत येतं हे मोजत नाहीत; कथेबाहेर त्याच्याबद्दल कोणी काय लिहिलंय ते बघतात. होम्सचा शत्रू मोरियार्टी घ्या. होम्सला संपवण्यासाठीच कॉनन डॉयलने त्याला १८९३मध्ये उभा केला, आणि त्यावर लिहिणाऱ्यांना आजही विषय पुरतो.

मग निम्मं कथानक कापलं. वय, स्वभाव, सवयी असा तक्ता केला होता, तोही उडवला. (कथानक वर्तमानकाळात लिहा, ते राहिलंच सांगायचं. भूतकाळात लिहिलं की पात्र खरोखर होऊन गेल्यासारखं वाटतं.) त्याऐवजी असं घातलं: डॉयलने तिचं पहिलं नाव कुठेच दिलेलं नाही. ‘मार्था’ हे नाव १९१७च्या ‘हिज लास्ट बो’मधल्या एका वृद्ध नोकराणीचं, ते वाचकांनी हिला चिकटवलं. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’मध्ये तर घरमालकीण म्हणून मिसेस टर्नर असं भलतंच नाव येतं. प्रत्येक मुद्द्याला छापील समीक्षेचा संदर्भ जोडला. चाहत्यांच्या संकेतस्थळांचे संदर्भ आधीच काढून टाका, तेवढ्यावरूनही मसुदा परत येतो.

स्वतंत्र पान मिळालं नाहीच. मजकूर पात्रांच्या यादीत विलीन झाला, चांगले तीन परिच्छेद. वाचायला लांबट मसुद्यापेक्षा बरे आहेत, हे मान्य. विलीनीकरण ठरलं की मात्र एक मागणी करा: जुनं पान पुसू नका, तिथून यादीकडे पुनर्निर्देशन ठेवा, म्हणजे ते पान उघडणारा आपोआप यादीवर पोचतो. शिवाय पानातल्या बदलांचा इतिहास शाबूत राहतो आणि पुढे नवे संदर्भ मिळाले तर पान वेगळं काढता येतं. मी मागितलं, आणि ते एका दिवसात झालं.