डीएनएच्या चौरस्त्यावरची कात्री

आज दिवसभर टेबलावर हॉलिडे जंक्शनच होती, म्हणजे चार धागे एकत्र येऊन बनलेले डीएनएचे चौरस्ते. चार ऑलिगो (डीएनएचे छोटे, एकेरी, कृत्रिम धागे) समप्रमाणात, ९५ अंशांवर ५ मिनिटं, मग हीट ब्लॉक बंद करून आपोआप निवू द्यायचं. घाई केली की दोन-तीन पायांचे अर्धवट तुकडे उरतात, जेलवर (जिथे तुकडे आकारानुसार वेगळे होतात) नुसता पसारा. जेलमधून शुद्ध केलेलंच वापरा.

ई. कोलाय या जिवाणूचं रुव्हसी हे चौरस्ता कापणारं एन्झाइम मोठं चोखंदळ. चिकटतं आकार बघून, कापतं डीएनएच्या अक्षरांचा क्रम बघून: आधी ए किंवा टी, मग टीटी, मग जी किंवा सी, काप दुसऱ्या टीनंतर. जोडीनं बसून समोरासमोरचे दोन धागे तोडतं. पहिला काप बसला की दुसरा झपाट्यानं होतो. म्हणून मधोमध हा क्रम नसेल तर जंक्शन जवळपास तसंच राहतं, आणि बिचाऱ्या एन्झाइमवर आळ येतो! मधल्या काही अक्षरजोड्या समरूप (सारख्याच क्रमाच्या) ठेवल्या तर चौरस्ता सरकत सरकत त्या क्रमापर्यंत पोचतो.

तरीही काप दिसेना? मॅग्नेशियम बघा, कापायला ते लागतं. ऑलिगोच्या बफरमधलं (द्रावणातलं) ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन ते गिळून बसतं. १० मिलिमोलर पुरतं. त्याऐवजी कॅल्शियम घातलं तर एन्झाइम चिकटतं, पण कापत नाही. बँडशिफ्टला, म्हणजे एन्झाइम डीएनएला चिकटलं का हे जेलवर बघायच्या चाचणीला, तेच हवं असतं.