शेवंड, चेरी आणि टोपीकर

कुलाब्याला अफगाण चर्चमध्ये गेलात तर भिंतीवर पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या ब्रिटिश फौजेतल्या सैनिकांची नावं दिसतात, तिथे उभं राहिलं की मला हमखास त्यांच्या लाल कोटांची आठवण येते. १६४५ च्या न्यू मॉडेल आर्मीपासून, म्हणजे इंग्लंडच्या संसदेच्या फौजेपासून, हा लाल रंग चालू झाला आणि मग लोकांनी त्यांना थेट 'लॉबस्टर', म्हणजे शेवंड, म्हणायला सुरुवात केली. खरं तर हे नाव त्याच्या जरा आधी, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लोखंडी चिलखत घालणाऱ्या घोडेस्वारांना पडलं होतं, पुढे ते लाल कोटवाल्यांना चिकटलं. ससून डॉकवर शेवंड बघा, जिवंत असताना लाल नसतेच, उकळत्या पाण्यात पडली की होते, आता हे टोमणा मारणाऱ्यांच्या डोक्यात होतं की नाही देव जाणे, पण मला तरी जाम आवडतं!

सगळ्यात भारी किस्सा ११ व्या हुसार्सचा, म्हणजे ब्रिटिश घोडदळाच्या एका पलटणीचा. त्यांना चेरीपिकर्स म्हणायचे आणि पँटी पण चेरी रंगाच्या, म्हणजे सगळ्यांना वाटणार नाव पँटीवरूनच, पण नाही, १८११ साली स्पेनमध्ये हे लोक चेरीच्या बागेत असताना फ्रेंचांनी गाठलं म्हणून ते नाव, पँटी आल्या १८४० मध्ये. योगायोग बघा!

आपल्याकडे मात्र कोटाकडे कोण बघतंय, टोपी दिसली की झाले टोपीकर, मग तो सैनिक असो की वखारीतला कारकून.