कापसाच्या घरात रबराची गादी

आमच्याकडे गादी म्हणजे कापसाची. घरचा कापूस, सरकी काढून आणायचा, पिंजाऱ्याकडून गादी भरून घ्यायची, आणि दोन-तीन वर्षांनी गोळे झाले की उसवून पुन्हा पिंजायची. यवतमाळ जिल्ह्यात, मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात अजूनही बऱ्याच घरांत हेच चालतं. त्यामुळे गेल्या डिसेंबरात, पहिल्या वेच्याचे पैसे हातात आल्यावर, मी लेटेक्सच्या गादीचा विषय काढला तेव्हा सासूबाई निवडत बसलेली तूर बाजूला सारून म्हणाल्या, "कापूस पिकवनाऱ्याच्या घरात रबराची गादी? पैसे का झाडाले लागते?" पैशाचं माहीत नाही, पण रबर मात्र झाडालाच लागतं, तिकडे केरळात, हे उत्तर मी गिळून टाकलं.

खरं दुखणं असं की आम्हा दोघांच्या तक्रारी एकमेकांच्या उलट होत्या. यांचं वजन ८८ किलो, झोप पाठीवर, आणि पाठीला फवारणीचा पंप बांधून बांधून कंबर धरलेली. माझं वजन ५४, मी कुशीवर झोपणारी. कापसाच्या गादीत यांच्या बाजूला खड्डा आणि मी रात्रभर त्या खड्ड्याकडे घरंगळत. तीन दिवाळ्यांपूर्वी त्यावर उपाय म्हणून तालुक्याच्या गावाहून एक 'ऑर्थोपेडिक' गादी आणली. फोमचे तुकडे दाबून केलेली, पाटासारखी. यांना आठ दिवस बरं वाटलं. मी मात्र सकाळी खांदा चोळतच उठायची. गादीच्या कापडावर तो शब्द कोणीही छापू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. त्यात लाइनचं वेगळंच. शेतीची वीज रात्रपाळीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला हे दीड वाजता उठणार. हे उठले की सगळा पलंग हलायचा आणि माझी रात्र तिथेच संपायची.

कंबर दाखवायला वणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांआधी गादीचं विचारलं. कडक तेवढी चांगली, असं हे छातीठोकपणे सांगायला लागले, तर डॉक्टर हसले. म्हणाले, मध्यम कडक बघा. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरी येऊन शोधलंच. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेली ३१३ माणसं, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी बघितलं. मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त उतरलं होतं. यांना वाचून दाखवलं. "स्पेनात फवारणीचा पंप नाही ना पाठीवर," एवढंच उत्तर आलं.

मग मी एक प्रयोग केला. यांना जुन्या गादीवर कुशीवर झोपवलं आणि बनियनवर, मणक्याच्या ओळीत, मानेपासून कमरेपर्यंत लाल टिकल्या लावल्या. मागून फोटो काढला. टिकल्यांची ओळ दोरीवर ओलं धोतर वाळत घातल्यासारखी मध्ये लोंबत होती. मग हाच प्रकार मुलीने माझ्यावर त्या पाटासारख्या गादीवर केला. माझी ओळ उलट्या बाजूने वाकडी, कारण खांदा आत जायलाच तयार नाही. कुशीवर झोपलेल्या माणसाचा मणका सरळ राहायला हवा, एवढी साधी गोष्ट. हे दोन फोटो पाहिल्यावर मात्र यांनी नागपूरला यायचं कबूल केलं.

त्याआधी ऑनलाइन बघून झालं होतं. १०० रात्री वापरा, नाही आवडली तर परत, असं ठळक अक्षरात. खाली बारीक अक्षरात, काही पिनकोडवरून गादी परत उचलली जात नाही. त्या यादीत आमचा पिनकोड होताच. मेमरी फोम मी तिथेच खोडला होता. तो अंगाच्या गरमीनेच मऊ होतो आणि ती गरमी धरून ठेवतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्री कूलरसमोरही उशी गरम लागते, तिथे हे कशाला?

लाल परीने नागपूर. पहिल्या दुकानात शिरलो आणि जो संकोच झाला तो काय सांगावा. रस्त्यावरून दिसेल अशा काचेच्या आड पलंग मांडलेले, आणि विक्रेता पोरगा म्हणतो, "झोपून बघा ना दोघं." लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण चारचौघांत एका पलंगावर कधी बसलोही नव्हतो. हे माझ्याकडे बघेनात, मी यांच्याकडे. शेवटी चपला काढून, पदर सावरून, पर्स पोटावर धरून मी आडवी झाले. हे दुसऱ्या टोकाला, एक पाय जमिनीवर ठेवून. "अवो, लोक पाहून रायले ना!" पाहू देत, म्हटलं, तीस-पस्तीस हजाराचा प्रश्न आहे. दोन मिनिटं बसून गादी कळत नाही. रोज जसं झोपतो तसं, निदान पंधरा-वीस मिनिटं पडायला हवं, आणि दोघांनी एकदमच, कारण एकाच्या वजनाने दुसऱ्याचं काय होतं तेच तर बघायचं असतं. तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत यांची भीड इतकी चेपली की हे चक्क घोरायला लागले.

पाठीवर झोपणाऱ्यासाठी एक सोपी खूण मिळाली. कमरेच्या पोकळीत हात घालायचा. सहज आरपार गेला तर गादी कडक, अडकून बसला तर मऊ, थोडा घासत गेला तर बरोबर.

दुसऱ्या दुकानाची गंमत वेगळी. तिथे सहा इंची 'शुद्ध नैसर्गिक लेटेक्स', भाव ३८,०००. रबराच्या झाडाचा चीक ढोकळ्याच्या पिठासारखा फेसाळून साच्यात ओतायचा आणि भाजायचा, ती डनलॉप पद्धत. त्यात जड कण तळाशी बसतात म्हणून खालची बाजू जरा घट्ट. टालाले पद्धतीत साच्यातली हवा ओढून घेतात, फेस गोठवतात आणि मग भाजतात, त्यामुळे गादी सगळीकडे सारखी, बहुधा मऊ, आणि महाग. हे सगळं त्या माणसाने छान सांगितलं. घनता विचारली तर म्हणाला, "पंच्याऐंशी." एका घनमीटरला ८५ किलो. आमच्या यांनी गादीचं एक टोक उचललं, पुन्हा ठेवलं आणि माझ्या कानात म्हणाले, "हलकी आहे." ज्या माणसाने कापसाच्या काट्यावर अर्धं आयुष्य काढलं, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीत भाव कापून घेतला, १२ च्या वर गेला की गाडी परत आणली, त्याच्या हाताला वजन बोलतं. मी फोनवर हिशेब केला. ७२ बाय ६० बाय ६ इंच म्हणजे सुमारे ०.४२ घनमीटर. गुणिले ८५, छत्तीस किलोच्या आसपास. वेष्टनावर वजन छापलं होतं २४ किलो. मी म्हटलं, खोळीची चेन उघडून दाखवा. आढेवेढे झाले, पण उघडली. वर दोन इंच लेटेक्स, खाली चार इंच साधा फोम. तसं विकायला हरकत नाही, पण मग तसं सांगा ना, आणि भावही तसा लावा.

पूर्ण लेटेक्स खरंतर मला आवडलं होतं. हवेशीर, कारण आत आरपार भोकं असतात, आणि अंग कुठे टोचत नाही. पण त्याला एक उसळी असते. हे कूस बदलले की मला कळायचं. दोन वेगळ्या कडकपणाच्या सिंगल गाद्या शेजारी लावायचाही पर्याय होता. मधल्या फटीत मीच जाणार हे ओळखून तो सोडला.

तिसऱ्या दुकानात घेतली ती हायब्रिड. आठ इंची, खाली पॉकेट स्प्रिंग, वर दोन इंच लेटेक्स. पॉकेट स्प्रिंग म्हणजे प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत, म्हणून एक दबली तरी शेजारची तशीच उभी. जुन्या प्रकारात सगळ्या तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, एकाने अंग टाकलं की दुसरा डुलतो. आमच्या जोडीला ही बसली त्याचं कारण वजनातच आहे. माझे ५४ किलो वरच्या लेटेक्सच्या थरातच मुरतात, खांद्याला जागा मिळते. यांचे ८८ खाली स्प्रिंगपर्यंत पोचतात आणि तिथे कंबर पेलली जाते. काठही पक्का, रात्री बसून बूट घालता येतात. घासाघीस करून ३१,०००. महिन्याभरात बदलून देण्याचं बिलावर लिहून घेतलं.

ट्रान्सपोर्टने वणीपर्यंत, पुढे छोट्या हत्तीत. प्लास्टिक काढल्यावर दोन दिवस रबराचा वास होता, खिडक्या उघड्या ठेवल्या. पलंग मात्र दुरुस्त करावा लागला. आमचा सागवानी, पेटीचा, वर सलग प्लायवूड. पावसाळ्यात अशा फळीवर गादीच्या पोटाला ओल धरते, बुरशी येते. सुताराला बोलावून प्लायला इंच-इंचाची भोकं पाडून घेतली. तो बिचारा तीनदा विचारून गेला, खरंच पाडू का म्हणून.

आणि ऊन. सासूबाईंनी संक्रांतीच्या आधी सगळ्या वाकळा, गोधड्या गच्चीवर टाकल्या आणि नव्या गादीलाही हात घातला. मी धावत गेले. लेटेक्सला ऊन चालत नाही, पिवळं पडून चुरा व्हायला लागतो, सावलीतच हवा द्यायची. "उनाले भेनारी गादी म्यां पह्यल्यांदा पाह्यली," म्हणत त्या खाली उतरल्या. त्यांची कापसाची गादी आम्ही पिंजून नवी करून दिली आहे, त्यांना तीच हवी.

टिकल्यांचा फोटो पुन्हा काढला. यांची ओळ सरळ. माझी कंबरेपर्यंत सरळ, मानेजवळ अजून वर चढलेली. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा उलगडलं की खांदा आता आत जातो, म्हणजे डोकं आणि गादी यांतलं अंतर कमी झालं, आणि उशी मात्र तीच, पाटावरच्या दिवसांतली. सावरीच्या कापसाची उशी उसवून दोन मुठी काढल्या. काल रात्री अजून एक मूठ काढली.